कांगचं चाक

येप सुई कांगच्या कमरेला एक चाक लटकलेलं असे. पसरलेल्या पंजाएवढं, लाल रंग उडालेलं, मधोमध चौकोनी भोक असलेलं बिडाचं चाक. व्हॉल्व्ह फिरवायचं. सायकलच्या साखळीने त्याने ते पट्ट्याला बांधलं होतं आणि चालताना ते मांडीवर आपटून खणखणायचं. आमच्या सोळा मजली इमारतीच्या जिन्यात तो आवाज आला, की पत्ते कुटणारे उठून आपापल्या दाराशी जात, आणि लाल पाइपच्या कपाटात ज्याने चपला नाहीतर झाडू कोंबला असेल तो आधी बाहेर काढी. त्या चाकाने कांगने माणसं फोडली होती. किती ते त्यालाच ठाऊक. माझ्या डोळ्यांदेखत तीन.

मी सिऊ लान. इमारतीच्या पायथ्याशी माझी सूप-नूडलची गाडी आहे, पुढे चार टेबलं. पेनांगात अशा गाड्या शंभर असतील, पण डुकराच्या हाडांचा रस्सा माझ्यासारखा कुणाचा नाही, हे मी माझ्या तोंडाने सांगते, कारण सांगणारा नवरा आता नाही. कांग माझ्या नवऱ्याचा, सेंगचा, दोस्त. म्हणून मला तो आ-सो म्हणायचा, म्हणजे वहिनी. रोज सकाळी सातला यायचा, भिंतीकडे पाठ करून बसायचा आणि एक वाटी सूप-नूडल अशी संपवायचा की जणू कोणी हिसकावून घेणार आहे. तुरुंगात सात वर्षं काढलेल्या माणसाची ती सवय.

तरुणपणी तो धक्क्यावरच्या टोळीत होता. हाडं मोडायचं काम त्याच्याकडे असे आणि ते तो मन लावून करी. सुटून आला तेव्हा चाळीशी उलटली होती आणि दारात कुणी उभं करेना. शेवटी आमच्या इमारतीच्या ठेकेदाराने त्याला लाल पाइपवर ठेवलं. तो पाइप सांभाळायला साधा माणूस टिकत नव्हता.

लाल पाइप म्हणजे जिन्यालगत तळापासून गच्चीपर्यंत गेलेला जाड नळ. एरवी आत थेंबभर पाणी नसतं. आग लागली की बंबवाले खाली त्याच्या तोंडाला आपला होज जोडतात आणि बंबाच्या जोराने पाणी वर ढकलतात. वर गेलेले जवान मजल्यावरच्या व्हॉल्व्हला दुसरा होज लावून तिथे पाणी घेतात. मजल्यागणिक एक लाल कपाट, त्यात एक व्हॉल्व्ह. अट एकच, की खालच्या मजल्यांवरचा एकही व्हॉल्व्ह उघडा राहता कामा नये. एक जरी राहिला तर सगळं पाणी तिथेच सांडतं आणि वरचे जवान कोरडा होज हातात धरून आगीकडे बघत बसतात. एवढंच ते शास्त्र. कांगला ते एका सकाळीत समजलं आणि त्या दिवसापासून तो पाइप त्याने आपल्या म्हाताऱ्या बापासारखा सांभाळला.

पण व्हॉल्व्हची चाकं भंगारात जातात. कपाटांची कुलुपं जातात, पितळी टोपणं जातात. तो आला तेव्हा सोळातली पंधरा चाकं गेलेली होती. सोळावं त्याने स्वतःच काढलं आणि कमरेला बांधलं. बंबवाल्यांकडे त्यांची किल्ली असते, आणि इथे किल्ली म्हणजे मी, असं त्याने ठेकेदाराला सांगितलं. मग तो चोर शोधायला निघाला.

चोर निघाला कन्नियप्पन. हातगाडीवर भंगार गोळा करणारा, तळमजल्यावर राहणारा, माझ्याकडे रोज चहा पिणारा. त्याच्या पोत्यात तीन चाकं सापडली. कांगने त्याला मारलं नाही, नुसता आणून माझ्या टेबलाशी उभा केला.

"हात ठेव," तो म्हणाला.

कन्नियप्पन माझ्याकडे बघायला लागला. मी रस्सा ढवळत राहिले. धक्क्याचा रिवाज माझ्या नवऱ्यामुळे मला ठाऊक होता. ज्याने केलं त्याने यायचं, टेबलावर पंजा पसरायचा आणि काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. ज्याचं नुकसान झालं त्याने मारायचं. एकदाच, मग हाड मोडो की न मोडो. त्यानंतर विषय संपला. पुन्हा कुणी काढायचा नाही, काढला तर काढणाराच दोषी. आणि जो हात ठेवत नाही त्याला सापडेल तिथे, सापडेल तेव्हा, सापडेल तितकं.

"चाकं मी नेली, अण्णा," कन्नियप्पन म्हणाला आणि त्याने हात ठेवला. चाक खाली आलं. दोन बोटं गेली. मी फडकं बांधलं आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघं एकाच टेबलावर बसलेले होते. कन्नियप्पन डाव्या हाताने पाव बुडवत होता आणि कांग त्याला फुटबॉलवरून चिडवत होता. तुम्हाला हे रानटी वाटेल. मलाही वाटायचं. पण आमच्या माळ्यावर जावा-जावांची भांडणं वीस-वीस वर्षं चाललेली मी पाहिली आहेत आणि या दोघांचं भांडण एका रात्रीत संपलेलंही पाहिलं आहे.

तेव्हा मी कांगला सहज विचारलं होतं, की समजा हात ठेवला आणि समोरच्याने मारलंच नाही तर?

त्याने वाटी खाली ठेवली. जेवता जेवता थांबलेला मी त्याला तेव्हाच पाहिला.

"एकदा पाहिलंय तसं," तो म्हणाला. "आमच्यातल्याच एकाने भावाची चुगली केली होती पोलिसांकडे. येऊन हात ठेवला. आमच्या म्होरक्याने बघितलं आणि उठून गेला. त्यानंतर त्या माणसाला कुणी चहा विचारला नाही की शिवी दिली नाही. तो रोज यायचा, हात ठेवून बसायचा. पावसाळ्यात धक्क्याखाली सापडला." मग पुन्हा वाटी उचलून म्हणाला, "मारणं म्हणजे तू अजून आमच्यातला आहेस, आ-सो. तेवढं तरी समजायला हवं तुला."

त्यानंतर दोन वर्षांनी माझा सेंग गेला. बांधकामावर परातीसारखी लोखंडी प्लेट वरून सुटली ती त्याच्या मानेवर. चार दिवस इस्पितळात होता. ते चारही दिवस माझ्या सासूने घरातल्या क्वान कोंग देवापुढे गुडघे टेकून काढले. लाल तोंडाचा, लांब दाढीचा सेनापती, हातात भाला, दोन बाजूंना दोन चाकर. तिच्या सासरहून आलेल्या मातीच्या मूर्ती. संत्री ठेव, उदबत्ती लाव, पुन्हा संत्री. सेंग गेला त्या दिवशीही तिने संत्री ठेवली. पंधराव्या दिवशीही. मी गाडीवर उभी राहून पाय सुजवून यायची आणि घरात तो लालतोंड्या माझ्या पैशांची संत्री खात बसलेला असायचा. एक दिवस ती झोपलेली असताना मी तिन्ही मूर्ती पिशवीत भरल्या आणि बाहेर पडले.

देव कचऱ्यात टाकता येत नाहीत, एवढी भीती मलाही होती. झाडाखाली ठेवतात, पण आमच्या आवारातलं झाड तोडलेलं. आम्ही चौदाव्या मजल्यावर. मी जिन्याने नवव्यापर्यंत उतरले, आणि लाल पाइपचं कपाट समोर दिसलं. लाल रंग, दोन दारं, देव्हाऱ्यासारखंच. कुलूप नव्हतं. मी मूर्ती आत मांडल्या, दारं लोटली आणि खाली गाडीवर आले. कुणी पाहिलं नाही. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे सगळीकडे लोक विचारत फिरणार आहेत की त्या कुणी ठेवल्या.

त्याच दिवशी कांगने पाइपची वर्षाची चाचणी केली होती. चाचणीनंतर पाइपमधलं पाणी उतरायला हवा आत जावी लागते, म्हणून तो सगळे व्हॉल्व्ह उघडून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी एकेक बंद करत जाई. दुसऱ्या दिवशी त्याने नवव्याचं कपाट उघडलं तर समोर क्वान कोंग.

धक्क्यावरचा प्रत्येक माणूस याच देवापुढे गुडघे टेकून टोळीत आलेला असतो. रक्ताची शपथ याच्यासमोर होते. कांग माणसाला घाबरत नव्हता, भुताला घाबरत नव्हता, या एका दाढीला घाबरत होता. व्हॉल्व्ह मूर्तींच्या मागे होता, आणि कुणाच्या घरचा क्वान कोंग मालकाच्या परवानगीवाचून हलवायचा म्हणजे... ते त्याच्याने झालं नाही. मालक येऊन नेईल, मग बंद करू, असं त्याने ठरवलं. वहीत मात्र बंद केला म्हणून लिहिलं. महिन्याभरात शेजारपाजारचे तिथे उदबत्त्या लावायला लागले. कांगही लावायचा. मी त्याला लावताना पाहिलं आहे. व्हॉल्व्ह उघडा आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी काय केलं असतं हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

सासूने मला काही विचारलं नाही. ती माझ्याशी बोलायचीच थांबली. मी गाडीवर गेले की ती भिंत धरत जिन्यात जायची आणि काय हरवलंय ते कुणाला न सांगता मजल्यामजल्यावर देव शोधायची. नवव्यापर्यंत पोचायच्या आधीच दोनदा पडली. मग मी बाहेरच्या लोखंडी जाळीला कुलूप घालायला लागले आणि किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात ठेवायला लागले.

दहा महिने असे गेले.

आग लागली तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते. कांग दुसऱ्यांदा येऊन कॉफी पीत होता. बंब भोंगा वाजवत आवारात शिरला, जवान जिन्याने वर धावले, तेव्हा कुठे रस्त्यावर कुणीतरी वर बोट दाखवलं. चौदाव्या मजल्यावर आमच्या शेजारच्या खिडकीतून काळा धूर लोटत होता. तेलाची कढई गॅसवर विसरून शेजारीण बाजारात गेली होती, हे मागाहून कळलं. मी कांगकडे पाहिलं. मला वाटलं तो उठून धावेल. तो उठला, पण त्याचा चेहरा असा झाला होता की मी आगीपेक्षा त्यालाच जास्त घाबरले. मग तो जिन्याकडे पळाला आणि त्याच्या मागे किल्ली मुठीत धरून मी.

नवव्या मजल्यावर तो थांबला. मी थांबले नाही. बाराव्यावर धूर छातीत शिरला, तेराव्यावर जवानांनी मला अडवलं. ते आमच्या आधी वर पोचले होते आणि त्यांनी तेराव्याच्या व्हॉल्व्हला होज जोडला होता. त्यांच्या तुकडीच्या प्रमुखाने, रुस्लानने, माझा दंड धरला. मी किल्ली दाखवली, म्हातारी आत आहे म्हणाले. त्याने किल्ली घेतली. "पाणी आलं की जाऊ, माकचिक," तो म्हणाला. आमच्याकडे मलय लोक मावशीला असं म्हणतात. "पाण्याशिवाय वर गेलो तर तीही वाचणार नाही आणि आम्हीही नाही." आणि सगळे मिळून त्या चपट्या होजकडे बघत राहिले. तो फुगला नाही.

वरून सासूचा आवाज येत होता. ती मला हाक मारत होती. दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा.

रुस्लानने वायरलेसवर खाली विचारलं. खालून सांगितलं, की पूर्ण जोर दिलाय, पाणी जातंय. "मग जातंय कुठे?" तो ओरडला. मला कळलं कुठे. त्या क्षणी सगळं एकदम समजलं. नवव्यावर थांबलेला कांग, त्याचा चेहरा, देव, व्हॉल्व्ह. मी तशीच खाली पळाले.

नवव्यावर अजून पाणी पोचलं नव्हतं. पाइपमधली हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सूं करत बाहेर येत होती आणि उदबत्त्यांची राख देवांच्या तोंडावर उडवत होती. कांग कपाटासमोर गुडघ्यांवर बसला होता. एका हातात चाक. दुसऱ्या हाताने तो दोन नाणी वर उडवत होता.

देवाला कौल लावत होता. एक छापा, एक काटा पडला की देव हो म्हणाला. दोन्ही सारखी पडली की नाही. मी पोचले तेव्हा दोन्ही सारखी पडली. त्याने उचलली, कपाळाला लावली, पुटपुटला, पुन्हा टाकली. पुन्हा सारखी.

"नाही म्हणतोय," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तीनदा झालं. मालक सापडल्याशिवाय नाही म्हणतोय."

एक वाक्य पुरलं असतं. माझे आहेत, हलव. मालकाची परवानगी मालक तिथेच उभा राहून देऊ शकत होता. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं, मी शपथ घेऊन सांगते. पण त्याच्या हातात ते चाक होतं आणि मी देव फेकले हे मला त्याच्या तोंडावर सांगता आलं नाही. मी त्याला शिव्या दिल्या. भडव्या, हिजड्या, माझी सासू जळतेय आणि तू नाणी खेळतोस. त्याने पुन्हा नाणी टाकली.

मग पाणी आलं. आधी पाइप थरथरला, आणि मग कपाटातून लोंढा असा सुटला की क्वान कोंग आणि त्याचे दोन चाकर समोरच्या भिंतीवर जाऊन आपटले. लाल तोंड एका बाजूला, दाढी एका बाजूला. लोंढा कांगच्या छातीवर बसला आणि तो मागच्या मागे कठड्यावर फेकला गेला. तो उठला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो भिंतीला चिकटत बाजूने गेला, खांद्याने पाणी अडवलं, चाक त्या चौकोनी दांड्यावर बसवलं आणि फिरवायला लागला. दहा महिने न हललेला व्हॉल्व्ह. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो क्वान कोंगची माफी मागत फिरवत होता. वेढ्यावेढ्याला पाणी कमी होत गेलं, आणि मग वरून जवानांची आरोळी ऐकू आली.

जवानांनी आग विझवायला पंधरा मिनिटंही घेतली नाहीत. सासू जाळीपाशी होती. दोन्ही हात गजांभोवती आवळलेले. आगीने तिला शिवलंही नव्हतं, धुराने घेतलं. ती बोटं सोडवायला दोन जवान लागले. रुस्लान मला म्हणाला, "पाच मिनिटं, माकचिक. पाच मिनिटं आधी पाणी मिळालं असतं तर." चांगला माणूस होता, पण हे वाक्य त्याने मला सांगायला नको होतं.

अंत्यविधी झाले आणि चौथ्या दिवशी मी गाडी लावली. सातला कांग आला. तो बसला नाही. साखळी सोडून त्याने चाक टेबलावर ठेवलं आणि शेजारी उजवा पंजा पसरला. कन्नियप्पन शेजारच्या टेबलावर होता, त्याने चहा खाली ठेवला.

"नवव्याचा व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला," कांग म्हणाला. "वहीत बंद लिहिला."

मी चाक उचललं. माझ्या हातात ते जड होतं, आणि ते सगळं वजन मी त्या हातावर आणलं. हाडं मोडल्याचा आवाज रस्सा उकळण्याच्या आवाजावरून ऐकू आला. मी चाक पुन्हा उचललं. मला थांबायचं नव्हतं. तो हात मी टेबलात गाडणार होते, कारण त्या हाताखाली माझा हात होता आणि ते मला एकटीलाच दिसत होतं.

कन्नियप्पनने मागून माझं मनगट धरलं. "आंटी. एकदाच."

मी चाक टाकलं. कांगने ते डाव्या हाताने उचललं, पट्ट्याला बांधलं आणि खुर्ची ओढून बसला. "सूप दे, आ-सो," तो म्हणाला. त्याच्यापुरतं संपलं होतं. डाव्या हाताने त्याला नूडल उचलता येईनात. मी चमचा दिला.

उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही. आणि त्याच्या डोक्यात एकच राहिलं, की अजून एक हात यायचा आहे. ज्याने देव तिथे ठेवले त्याचा. मजल्यामजल्यावर त्याने निरोप दिला. स्वतःहून या, एकदाच मारीन. माझ्या टेबलावर बसून रोज बोलायचा, की आ-सो, देवाची चूक नाही, तो मालकासाठी अडून बसला होता. मालक कुठे होता? मी वाटीत जास्त मांस घालायची. लोक म्हणायचे, लान मोठ्या मनाची बाई.

आठ महिने कुणी आलं नाही. मग सहाव्या मजल्यावरचा टीव्ही दुरुस्त करणारा चुआ बून तेक ख्रिस्ती झाला. त्याच्या घरातला देव्हारा निघाला हे सगळ्यांना दिसलं, आणि कुणीतरी कांगला म्हणालं, की त्याच्याकडे क्वान कोंग होता. कोण म्हणालं ते मला माहीत नाही. मी नाही. पण ते देव त्याचे नाहीत असंही मी म्हणाले नाही.

कांगने त्याला पाचव्या-सहाव्याच्या मधल्या जिन्यात गाठलं. सकाळची वेळ होती, मी खाली कांदा चिरत होते. आधी चाकाची खणखण ऐकू आली, मग बून तेकचं बोलणं, की माझा देव मी देवळात नेऊन दिला रे, विचार तिथल्या पुजाऱ्याला. मग तो बोलायचा थांबला आणि ओरडायला लागला. डाव्या हाताने कांगचा नेम लागत नव्हता, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा मारावं लागलं. जिन्यातून उतरलेल्यांनी सांगितलं, की गुडघ्याची वाटी बाहेर आली होती. बून तेकची बायको रक्ताळलेल्या सपाता घालून माझ्या गाडीसमोरून रुग्णवाहिकेच्या मागे धावत गेली. मी कांदा चिरत होते. तो मी चिरतच राहिले, आणि मग सुरी ठेवली.

पुजाऱ्याने संध्याकाळी कांगला सांगितलं, की हो, मूर्ती दिली आहे, अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी सातला कांग आला. त्याच्या तोंडावर कळा नव्हती. चाक त्याने टेबलावर काढून ठेवलं होतं, जणू ते कमरेला सहन होत नव्हतं. मी गॅस बंद केला. एप्रनला हात पुसले, त्याच्या समोर जाऊन बसले आणि उजवा पंजा चाकाशेजारी पसरला.

"नवव्यावरचे देव माझे होते," मी म्हणाले. "मी ठेवले."

कन्नियप्पन होता. अजून दोन गिऱ्हाइकं होती. कांग माझ्या हाताकडे बघत होता.

"त्या दिवशी तू माझ्या मागे उभी होतीस," तो म्हणाला. "मी नाणी टाकत होतो तेव्हा."

"हो."

"मालकाची परवानगी हवी, हे मी बोललो. तू ऐकलंस."

"ऐकलं."

त्याने चाक उचललं. मी डोळे मिटले आणि दात आवळले. कसलं बरं वाटत होतं म्हणून सांगू. दीड वर्षात पहिल्यांदा मला श्वास घेता येत होता. मार, मी मनात म्हणत होते, दोन बोटं घे, चार घे, पंजा घे, आणि मग मी तुला सूप वाढीन.

मला साखळीचा आवाज आला. डोळे उघडले तर तो चाक पट्ट्याला बांधत होता, एका हाताने, सावकाश. बांधून झालं, तो उठला आणि रस्ता ओलांडून समोर गेला. समोर एका बाईची भाताच्या पेजेची गाडी आहे. तो तिच्या बाकावर बसला, भिंतीकडे पाठ करून. कन्नियप्पनने चहा अर्धा टाकला आणि तोही उठला.

त्याच दिवशी दुपारी कांग इस्पितळात जाऊन बून तेकच्या खाटेवर डावा हात ठेवून उभा राहिला, असं बून तेकच्या बायकोने मला सांगितलं. बून तेक रडला आणि म्हणाला, माझ्या देवाने तुला क्षमा केली आहे, भाऊ. तो मारायला तयार होईना. कांगने चाक त्याच्या हातात दिलं तर त्याने ते बाजूच्या टेबलावर फुलांशेजारी ठेवून दिलं. बायको मला हे आनंदाने सांगत होती.

पाइप अजून कांगकडेच आहे. नवव्याचा व्हॉल्व्ह बंद आहे, मी रोज वर जाताना हाताने चाचपून बघते. लोक म्हणतात, कांगने बाईमाणसावर हात उचलला नाही, शेवटी म्हातारपणी माणूस निवळला. मी त्यांना काही सांगत नाही. सकाळी सातला तो समोर पेज घेऊन बसतो, चमच्याने डाव्या हाताने खातो. त्या वेळी मी गिऱ्हाइकाला थांबवते, जाऊन त्याच्या जुन्या टेबलाशी बसते आणि उजवा पंजा टेबलावर पसरून ठेवते. त्याची वाटी संपेपर्यंत ठेवते. त्याला इकडचं सगळं दिसतं. तो पेज संपवतो आणि जिन्याकडे जातो.